पत्रावरील बोधचिन्ह व उपडोमेनांची व्यवस्था

मुख्य कचेरी आणि शाखा

इंडियन ओव्हरसीज बँकेचा कारभार १० फेब्रुवारी १९३७ रोजी सुरू झाला, तेव्हा तिच्या शाखा एकाच दिवशी तीन ठिकाणी उघडल्या : कारैकुडी, मद्रास आणि रंगून. तिन्ही दारांवर नाव एकच होते. रंगूनच्या ठेवीदाराने मद्रासची, म्हणजे आजच्या चेन्नईची, कचेरी कधी पाहिली नसली तरी दारावरची पाटी आणि पावतीवरचा शिक्का पाहून तो आपला पैसा निःशंकपणे देऊ शकत असे. शाखेवरचा विश्वास हा वस्तुतः मुख्य कचेरीवरचा विश्वास असतो. शाखा तो उसना घेत असते.

ज्या वस्तूने विश्वास उसना मिळतो तीच वस्तू खोटी करण्याचा मोहही होतो. तमिळनाडूच्याच कडलूर जिल्ह्यात, पनरुटी या गावी, जुलै २०२० मध्ये स्टेट बँकेची एक बनावट शाखा उघडकीस आली आणि पोलिसांनी तिघांना अटक केली. शाखेसाठी शिक्के तयार करविले होते, छापील कागदपत्रे होती, संगणकही होते. नव्हती ती केवळ बँकेची संमती. पाटी आणि शिक्का एवढ्यावरून शाखा खरी ठरत नाही. मुख्य कचेरीच्या दप्तरात तिची नोंद असावी लागते, आणि ती नोंद पाहण्याचा मार्ग लोकांना खुला असावा लागतो.

ईमेलच्या जगात हाच प्रश्न रोज कोट्यवधी पत्रांच्या बाबतीत उभा राहतो. बँक, रेल्वे, विमा कंपनी, विद्यापीठ अशा संस्था आपापल्या ग्राहकांना ईमेल पाठवितात. अलीकडे अशा काही पत्रांशेजारी, पत्रपेटीच्या यादीतच, त्या संस्थेचे बोधचिन्ह एका लहान वर्तुळात दिसू लागले आहे. ते चिन्ह तेथे कसे येते, संस्थेच्या अनेक शाखा-विभागांच्या पत्रांवर ते कोणत्या नियमाने उतरते, आणि ते पाहून वाचकाने कितपत विश्वास ठेवावा, ह्याचा विचार पुढे केला आहे.

नावांची वंशावळ

ईमेलच्या पत्त्यात एक विशिष्ट चिन्ह असते आणि त्यापुढे जे नाव येते त्यास डोमेन म्हणतात. डोमेन हे उजवीकडून डावीकडे वाचावयाचे असते. ‘इन’ हा भारताचा प्रत्यय. त्याच्या डावीकडे वर्गाचे नाव. त्याच्याही डावीकडे संस्थेचे नाव. ही नामपद्धती पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. तिचा विशेष असा की ज्याच्याकडे एक नाव आहे तो त्याच्या डावीकडे हवी तितकी नवी नावे जोडू शकतो, आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. अशा जोडनावांना उपडोमेन किंवा सबडोमेन म्हणतात.

उदाहरणासाठी ‘नमुना’ नावाची एक काल्पनिक बँक घेऊ. तिचे डोमेन ‘नमुना.बँक.इन’ असे आहे. कर्जविभागाची पत्रे ‘कर्ज.नमुना.बँक.इन’ येथून जातात, कार्डविभागाची ‘कार्ड.नमुना.बँक.इन’ येथून, आणि जाहिरातींची ‘वार्ता.नमुना.बँक.इन’ येथून. ह्या विभागणीस कारण आहे. जाहिरातीच्या पत्रांना कंटाळून लोकांनी त्यांची तक्रार केली, तर त्या तक्रारीचा डाग कर्जाच्या हप्त्याची सूचना देणाऱ्या पत्रांवर पडू नये, अशी ती योजना असते.

येथे वापरलेला ‘बँक.इन’ हा वर्ग काल्पनिक नाही. भारतीय रिझर्व्ह बँकेने ७ फेब्रुवारी २०२५ रोजी त्याची घोषणा केली, आणि २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने सर्व बँकांना आपली डोमेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ह्या वर्गात हलविण्यास सांगितले. नोंदणीचे काम हैदराबाद येथील बँकिंग तंत्रविद्या विकास व संशोधन संस्थेकडे एकट्याकडे देण्यात आले. चेन्नईत मुख्य कचेरी असलेल्या इंडियन बँक व इंडियन ओव्हरसीज बँक ह्या दोन्ही राष्ट्रीयीकृत बँकांनाही हा आदेश लागू झाला. बँकेखेरीज दुसऱ्या कोणास ह्या वर्गात नाव मिळत नाही. म्हणजे दारावरच चौकशी करणारा द्वारपाल येथे प्रथमच बसविण्यात आला.

वंशावळीत मूळ पुरुष कोणता हे ठरविणे आवश्यक असते. ‘बँक.इन’ हे नाव अनेक बँकांचे समाईक असल्यामुळे ते कोणाही एका संस्थेचे मूळ नाव नव्हे, ‘नमुना.बँक.इन’ हे होय. अशा समाईक प्रत्ययांची एक सार्वजनिक यादी ठेवलेली असते, आणि टपालव्यवस्था ती पाहून प्रत्येक पत्त्याचे मूळ डोमेन ठरवितात. पुढील सर्व नियमांत ह्या मूळ डोमेनास मुख्य कचेरीचे स्थान आहे.

तीन परीक्षा

ईमेलच्या वाहतुकीचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिले. त्यावेळी जाळ्यावर थोड्याच संस्था होत्या व बहुतेक एकमेकांस ओळखत होत्या. त्यामुळे प्रेषक स्वतःचे जे नाव सांगेल ते खरे मानावे, एवढाच व्यवहार त्यात होता. पाकिटावर कोणीही कोणाचेही नाव लिहावे, अशी ही स्थिती होती. तिच्यावर उपाय म्हणून पुढे तीन परीक्षा क्रमाक्रमाने योजण्यात आल्या.

पहिलीस एसपीएफ म्हणतात. डोमेनचा मालक आपल्या सार्वजनिक नोंदीत अशी यादी प्रसिद्ध करतो की, माझ्या नावाने पत्रे पाठविण्याचा अधिकार अमुक संगणकांनाच आहे. पत्र त्या यादीतील संगणकाकडून आले की नाही, हे स्वीकारणारी व्यवस्था पाहते. ह्या परीक्षेत दोष असा की ती पाकिटावरचे नाव तपासते, आतील कागदावरचे नव्हे. आणि वाचकास दिसते ते आतील नाव.

दुसरी परीक्षा डीकिम नावाची. तिची कल्पना मराठी वाचकास परकी वाटू नये. जुन्या मराठी कागदपत्रांत आरंभी शिक्का असे आणि मजकूर संपताच मोर्तब केले जाई. मोर्तबानंतर कोणी एक ओळ जरी वाढविली तरी ती खोटी हे उघड होई. डीकिममध्ये प्रेषक संस्था पत्राच्या मजकुरावरून एक गणिती संक्षेप काढते आणि केवळ स्वतःजवळच असलेल्या गुप्त किल्लीने त्यावर सही करते. त्या किल्लीची जोडकिल्ली डोमेनच्या सार्वजनिक नोंदीत सर्वांस उपलब्ध असते. तिने सही पडताळता येते, पण नवी सही करता येत नाही. वाटेत मजकुरातील एक अंक बदलला तरी पडताळा चुकतो.

तिसरी परीक्षा डीमार्क. तिचे नियम मार्च २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या दोन परीक्षांत उतरलेले नाव आणि वाचकास दिसणारे नाव एकाच मूळ डोमेनचे आहे काय, हे ती पाहते. शिवाय परीक्षेत नापास झालेल्या पत्राचे काय करावे, हे डोमेनच्या मालकाकडून ती जाहीर करविते. त्याचे तीन पर्याय आहेत : काही करू नये, संशयितांत टाकावे, किंवा साफ नाकारावे. पहिला पर्याय निरीक्षणापुरता असतो. त्याच्या काळात स्वीकारणाऱ्या व्यवस्था मालकाकडे गोषवारे पाठवितात, आणि आपल्या नावाने कोठकोठून पत्रे जात आहेत हे मालकास, पुष्कळदा प्रथमच, समजते.

चिन्हाची नोंद

ह्या तीन परीक्षांच्या पायावर चिन्हाची पद्धती उभी आहे. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून बिमी म्हणतात. जीमेलने ती जुलै २०२१ मध्ये सर्वांसाठी सुरू केली आणि ॲपलने सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या फोनांवर आणली.

डोमेनच्या नावाआधी ‘डीफॉल्ट’ व ‘बिमी’ अशी दोन पदे जोडून एक खास नाव करावयाचे आणि त्याखाली सार्वजनिक नोंद ठेवावयाची, अशी ही रीत आहे. नोंदीत दोन पत्ते असतात : एक चिन्हाच्या चित्राचा, दुसरा त्या चिन्हाच्या प्रमाणपत्राचा. चित्र चौरस असावे लागते आणि ते ठिपक्यांनी नव्हे तर रेषांच्या गणिती वर्णनाने रेखाटलेले असावे लागते, म्हणजे लहानमोठे केले तरी स्पष्ट राहते. त्यात हालचाल, बाहेरचे दुवे वा कोणताही आज्ञासंच चालत नाही. कारण चित्राच्या आडून अपायकारक वस्तू वाचकाच्या यंत्रात शिरू नये.

प्रमाणपत्र हा ह्या व्यवस्थेचा कणा होय. चिन्ह खरोखर त्या संस्थेचे आहे हे कोणी तिऱ्हाइताने तपासावयास हवे. नाहीतर कोणीही नवे डोमेन घेऊन त्यावर प्रसिद्ध बँकेचे चित्र लावील. अधिक कडक प्रमाणपत्रासाठी चिन्ह व्यापारचिन्ह म्हणून सरकारदरबारी नोंदलेले असावे लागते. भारतात हे काम १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार चालते. तो १५ सप्टेंबर २००३ रोजी अंमलात आला. नोंदणीच्या पाच कचेऱ्यांपैकी एक चेन्नईत गिंडी येथे आहे व दक्षिणेकडील राज्यांचे अर्ज तेथे जातात. नोंदणी दहा वर्षे टिकते व नूतनीकरणाने वाढविता येते. प्रमाणपत्र देणारी संस्था ही नोंद, अर्जदार संस्थेचे कायदेशीर अस्तित्व आणि अर्ज करणाऱ्या अधिकाऱ्याची ओळख तपासते. प्रमाणपत्राची मुदत सुमारे एक वर्षाची असते. नंतर ते नवे करावे लागते.

उपडोमेनांचा वारसा

आता मुख्य प्रश्नाकडे वळता येईल. नमुना बँकेच्या कर्जविभागाचे पत्र आले. त्याच्या पत्त्यात मूळ डोमेन नाही, उपडोमेन आहे. चिन्ह कोठे शोधावे?

नियम असा आहे. पत्र डीमार्क परीक्षेत उतरले की प्रथम त्या नेमक्या उपडोमेनच्या नावाखाली चिन्हाची नोंद शोधली जाते. ती मिळाली तर तीच प्रमाण. ती नसेल तर एकदम मूळ डोमेनची नोंद पाहिली जाते आणि तेथील चिन्ह उपडोमेनास वारशाने मिळते. मधल्या पायऱ्यांवर कोणी थांबत नाही. ‘चेन्नई.कर्ज.नमुना.बँक.इन’ येथून आलेल्या पत्रासाठी ‘कर्ज’ ह्या मधल्या नावाखाली ठेवलेली नोंद उपयोगी पडत नाही.

ह्या एका नियमातून व्यवस्थेचे चार प्रकार निघतात. सर्व विभागांचे चिन्ह एकच असेल तर मूळ डोमेनवर एकच नोंद पुरते. मूळ डोमेनच्या नावे घेतलेले प्रमाणपत्रही उपडोमेनांस चालते. एखाद्या विभागाचे चिन्ह निराळे असेल, तर त्याच्या उपडोमेनवर निराळी नोंद व त्या निराळ्या चिन्हाचे प्रमाणपत्र लागते. एखाद्या उपडोमेनवर चिन्ह मुळीच दिसू नये असे वाटत असेल, तर तेथे रिकामी नोंद ठेवावी. ती नकार समजली जाते आणि वारसा तेथे थांबतो. आणि एकाच डोमेनवरून प्रसंगानुसार निराळी चिन्हे दाखवावयाची असतील, तर पत्राच्या शीर्षभागात कोणती नोंद पाहावी ते सांगण्याची सोय आहे.

वारसा मिळतो तसे बंधनही मिळते. चिन्ह दिसण्यासाठी मूळ डोमेनचे डीमार्क धोरण ‘काही करू नये’ असे असून चालत नाही; ते सर्वच्या सर्व पत्रांस लागू असलेले, संशयितांत टाकण्याचे किंवा नाकारण्याचे असावे लागते. मूळ धोरणात उपडोमेनांसाठी निराळे कलम घालता येते. तेही सैल असता कामा नये. पुष्कळ संस्थांची अडचण नेमकी येथे होते. मूळ डोमेनवर कडक नियम लावतात, पण कोणत्यातरी उपडोमेनवरून जुन्या पद्धतीने, सहीवाचून पत्रे जात असतात. ती अडू नयेत म्हणून उपडोमेनांचे कलम सैल ठेवतात. परिणाम असा होतो की एका विभागाच्या सोयीसाठी सगळ्या संस्थेचे चिन्ह दिसेनासे होते. ही शिक्षा कठोर वाटली तरी न्याय्य आहे. ते कलम अस्तित्वात असलेल्या उपडोमेनांसच नव्हे, तर कोणी उद्या बनावट रचील अशा प्रत्येक नावासही लागू असते. ते सैल ठेवणे म्हणजे पनरुटीसारखी शाखा कोणीही उघडावी आणि मुख्य कचेरीने हरकत घेऊ नये, असे जाहीर करणे होय.

उपडोमेनांवरची पत्रे नेहमी संस्था स्वतःच पाठविते असेही नाही. ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरे देणे, वार्तापत्रे पाठविणे अशी कामे पुष्कळदा बाहेरच्या कंपन्यांच्या यंत्रणेवर चालतात. ह्या धंद्यात चेन्नईचे नाव मोठे आहे. १९९६ मध्ये ॲडव्हेंटनेट ह्या नावाने सुरू झालेल्या झोहोने २००८ मध्ये स्वतःची ईमेल सेवा आणली. २०१० मध्ये चेन्नईतच सुरू झालेल्या फ्रेशडेस्कचे, म्हणजे पुढील फ्रेशवर्क्सचे, काम ग्राहकसेवेच्या पत्रव्यवहाराचे होय. अशा यंत्रणेला संस्थेने आपले संपूर्ण नाव वापरू देण्याऐवजी एक उपडोमेन तोडून द्यावे, त्याची डीकिमची किल्ली निराळी ठेवावी व करार संपताच ती किल्ली सार्वजनिक नोंदीतून काढून टाकावी, हा सुरक्षित मार्ग आहे. भाडेकरू गेला की कुलूप बदलतात, तसेच हे.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवतात. प्रथम निरीक्षणाचे धोरण लावून गोषवारे जमवावेत. त्यांवरून आपल्या नावाने पत्रे पाठविणाऱ्या प्रत्येक यंत्रणेची यादी करावी. प्रत्येकीस सही करावयास लावावी. न लागणारी उपडोमेने बंद करावीत. नंतर धोरण टप्प्याटप्प्याने कडक करावे. आणि सर्वांत शेवटी चिन्हाची नोंद करावी. प्रथम चिन्ह व मग शिस्त असा उलटा क्रम लावला तर चिन्ह उमटत नाही.

नाव बदलते तेव्हा

नवे डोमेन घेतले म्हणजे वरील सर्व परीक्षांच्या नोंदी नव्याने कराव्या लागतात; चिन्हाचे प्रमाणपत्रही नव्या नावासाठी घ्यावे लागते, कारण ते डोमेनच्या नावाशी बांधलेले असते. ‘बँक.इन’ वर्गात जाणाऱ्या प्रत्येक बँकेपुढे हे काम उभे राहिले. परंतु त्याहून सहज विसरले जाणारे काम जुन्या नावाचे असते. लोकांच्या स्मरणात, जुन्या पासबुकांवर आणि पाकिटांवर जुने नाव राहते. अलाहाबाद बँक १ एप्रिल २०२० रोजी इंडियन बँकेत विलीन झाली, तरी दीडशे वर्षांहून जुने ते नाव ठेवीदारांच्या तोंडून एका दिवसात गेले नसणार. अशा प्रसंगी जुने डोमेन सोडून देणे धोक्याचे असते, कारण दुसरा कोणी ते विकत घेऊ शकतो. ते हाती ठेवावे, त्यावरून कोणत्याही संगणकास पत्र पाठविण्याचा अधिकार नाही अशी एसपीएफ नोंद करावी आणि डीमार्कने सर्व पत्रे नाकारावयास सांगावे. बंद केलेल्या कचेरीचे दारही बंदच असावे.

चिन्ह काय सांगते व काय सांगत नाही

मे २०२३ मध्ये जीमेलने नोंदणीकृत चिन्हे असलेल्या प्रेषकांच्या नावापुढे निळी खूण दाखविण्यास आरंभ केला. महिनाभरातच अमेरिकेतील यूपीएस ह्या मालवाहतूक कंपनीच्या नावाचे एक बनावट पत्र त्या निळ्या खुणेसह एका तज्ज्ञाच्या पत्रपेटीत पोहोचले. पत्रावर कंपनीच्या मूळ डोमेनखाली निरर्थक अक्षरांचे एक उपडोमेन होते. सामायिक टपालसेवेच्या वाटेने फिरवून आणल्यामुळे ते एसपीएफच्या परीक्षेतून निसटले होते आणि वारसानियमाने मूळ डोमेनचे चिन्ह त्यावर उतरले होते. त्यानंतर गूगलने चिन्हासाठी डीकिमची सही आवश्यक केली. पाकीट तपासणे आणि मोर्तब तपासणे ह्यांत किती अंतर आहे, ते ह्या प्रसंगाने स्पष्ट झाले.

चिन्ह दिसले म्हणजे एवढेच सिद्ध होते की पत्र त्या डोमेनच्या मालकाच्या संमतीने निघाले आणि चिन्हाची मालकी कोणीतरी तपासली आहे. पत्रातील मजकूर खरा आहे, किंवा तो लिहिणाऱ्याच्या खात्यात चोर शिरला नव्हता, असे चिन्ह सांगत नाही. उलट, चिन्ह दिसले नाही म्हणून पत्र खोटे ठरत नाही. सर्वच टपालसेवा ही पद्धती पाळत नाहीत, आणि पुष्कळ प्रामाणिक संस्थांनी अद्याप नोंद केलेली नाही. नावातील एखादे अक्षर बदलून घेतलेले निराळे डोमेन तर ह्या सर्व परीक्षांत निर्दोष उतरू शकते, कारण त्याचा मालक स्वतःच्याच नावाने सही करीत असतो. अशा ठिकाणी त्याला प्रसिद्ध बँकेचे चिन्ह प्रमाणपत्रासह मिळू नये, एवढाच अडसर व्यवस्था घालू शकते.

म्हणून वाचकाने चिन्हाखालचा संपूर्ण पत्ता उघडून पाहावा व तो उजवीकडून डावीकडे वाचावा. बँकेचे पत्र असल्यास अखेरीस ‘बँक.इन’ व त्याच्या लगतच डावीकडे त्या बँकेचे नाव आहे काय, हे पाहावे. बँकेचे नाव डावीकडे दूर कोठेतरी आणि शेवटी भलतेच नाव असेल तर पत्र संशयास्पद समजावे. पासवर्ड वा खात्याची माहिती मागणाऱ्या पत्रास, चिन्ह कितीही ठसठशीत असले तरी, उत्तर देऊ नये. शाखेत जाऊन किंवा पासबुकावरील दूरध्वनीवर विचारावे.

संस्थेपुरते पाहता, बोधचिन्ह ही पत्राची शोभा नव्हे. आपल्या नावाखालचे प्रत्येक उपनाव आपल्याला ठाऊक आहे, त्यावरून निघणाऱ्या प्रत्येक पत्राची जबाबदारी आपली आहे आणि जे आपले नाही ते आपण नाकारावयास सांगितले आहे, अशी ती जाहीर कबुली आहे. ही कबुली खरी ठरविण्याचे काम चित्रकाराचे नसून दप्तर सांभाळणाऱ्याचे आहे, आणि ते चिन्ह उमटल्यानंतरही रोज चालू ठेवावे लागते.